कधीच मुख्य प्रशिक्षक न झालेल्या कोचला पत्र

प्रिय कोच बड फॉस्टर,

स. न. वि. वि.

आपली ओळख नाही. व्हर्जिनिया टेकमध्ये मी सिव्हिलचं एम.एस. करत होतो तेव्हा तुम्ही तिथल्या अमेरिकन फुटबॉल संघाचा डिफेन्स, म्हणजे बचाव, सांभाळत होतात, संबंध तेवढाच. हे पत्र आमच्या इकडच्या लोकांनीही वाचावं म्हणून मराठीत लिहितोय. त्यांच्यासाठी मधेमधे थोडं समजावून सांगावं लागेल, तेवढं चालवून घ्या.

२००७ च्या ऑगस्टमध्ये मी ब्लॅक्सबर्गला, म्हणजे व्हर्जिनिया टेकच्या गावी, आलो. त्याच वर्षी १६ एप्रिलला तिथे झालेल्या गोळीबारात ३२ जणांचा जीव गेला होता. मुंबईहून शिकायला आलेली एक मुलगी त्यात होती, आणि ज्या विभागात मला प्रवेश मिळाला होता तिथलेच एक भारतीय प्राध्यापकही. त्यामुळे "तिथेच जायला हवं का?" हा आईचा प्रश्न विमानतळापर्यंत सोबत आला.

१ सप्टेंबरला लेन स्टेडियममध्ये मोसमातला पहिला सामना होता, ईस्ट कॅरोलायनाशी. खेळातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. शेजारची मुलगी म्हणाली, "किल्ल्या काढ." समोरच्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं, तिसऱ्या प्रयत्नाला त्यांना अडवलं की चौथ्याला ते बहुधा चेंडू लांब लाथाडून मोकळे होतात. म्हणून ऐन मोक्याच्या वेळी सगळं स्टेडियम खिशातले जुडगे काढून वाजवतं. माझ्याकडे भाड्याच्या खोलीची एकच किल्ली होती. ती कशावर आपटावी कळेना, मग पट्ट्याच्या बकलावर वाजवत राहिलो. आपण १७-७ ने जिंकलो. चेंडू आपल्याकडे नसताना लोक इतके जीव तोडून ओरडतात, हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. आपल्याकडे कबड्डीतही टाळ्या चढाईलाच जास्त पडतात, पकडीला कमी.

पुढच्याच शनिवारी एलएसयूने (लुइझियाना स्टेट विद्यापीठाने) धुलाई केली, ४८-७. मला वाटलं, संपलं. पण त्याच मुलांना घेऊन तुम्ही पुन्हा उभे राहिलात आणि १ डिसेंबरला बोस्टन कॉलेजला ३०-१६ असं हरवून आपण एसीसीचं, म्हणजे आपल्या विद्यापीठांच्या गटाचं, विजेतेपद घेतलं. चॅम्पियन कोण हे लोकांच्या लक्षात राहतं. मला त्या मधल्या आठवड्यांचं जास्त कौतुक आहे.

तुमच्या डिफेन्सच्या डब्याबद्दल कळलं ते नंतर. खाणकामगार न्यायचे तसला पत्र्याचा, पोचे आलेला डबा. १९९५ पासून तीच तुमच्या डिफेन्सची खूण. मोसमाची उद्दिष्टं लिहायची, खेळाडूंनी त्याखाली सह्या करायच्या, कागद डब्यात. घोषवाक्यांचं मला तसं वावडं आहे, आमच्या ऑफिसच्या भिंती त्यांनीच भरल्यात. पण सही करून डब्यात ठेवलेल्या कागदाची गोष्ट वेगळी. तो उद्या कोणीही काढून समोर धरू शकतो.

आणि माणसं हेरण्याची तुमची नजर! कॅम चॅन्सलर आला क्वार्टरबॅक म्हणून, म्हणजे आक्रमणाचा सूत्रधार. तुमच्याकडे तो बचावात रुळला आणि पुढे एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये सिॲटलचा नावाजलेला सेफ्टी, म्हणजे सगळ्यात मागचा बचावपटू, झाला. तुमच्या 'रोव्हर' आणि 'व्हिप' या जागाच अशा होत्या, की तिथल्या गड्याला धावही अडवता यायला हवी आणि पासमागे पळताही यायला हवं.

आता मूळ मुद्दा. मरी स्टेट विद्यापीठात मुख्य प्रशिक्षक फ्रँक बीमर यांच्या हाताखाली तुम्ही १९८१ मध्ये सुरुवात केलीत. १९८७ मध्ये त्यांच्याबरोबर ब्लॅक्सबर्गला आलात आणि २०१९ पर्यंत तिथेच राहिलात. २००६ मध्ये देशातल्या सर्वोत्तम सहायक प्रशिक्षकाचा ब्रॉयल्स पुरस्कार मिळाला. मुख्य प्रशिक्षकपदासाठी तुमचं नाव कितीदा तरी चर्चेत आलं, पण त्या खुर्चीत तुम्ही कधी बसला नाहीत. २०१५ च्या मोसमाअखेर बीमर निवृत्त झाले. नवा साहेब आला की जुन्या साहेबाच्या माणसांनी बोचकं बांधायचं, ही जगरहाटी. नवे मुख्य प्रशिक्षक जस्टिन फ्युएंटे तुमच्याहून सतराएक वर्षांनी लहान. त्यांनी तुम्हाला ठेवून घेतलं आणि तुम्हीही राहिलात. यातलं जास्त अवघड कोणतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी पुण्यात पुलांच्या डिझाइनचं प्रूफ चेकिंग करतो. दुसऱ्याने केलेलं डिझाइन तपासायचं, चूक सापडली की अडवायचं. पूल उभा राहिला की फोटोत मी नसतो, आणि काम थांबवलं की शिव्या मात्र मला. प्रत्येक लग्नात कोणीतरी काका विचारतातच, "काय रे, अजून दोन नंबरलाच?" पूर्वी मी विषय बदलायचो. आता त्यांना तुमची कारकीर्द ऐकवतो. काका कंटाळून जेवायला जातात.

तुमचा शेवटही मी नीट पाहिला. २०१९ मध्ये जॉर्जिया टेकला ४५-०, मग घरच्या मैदानावरच्या तुमच्या शेवटच्या सामन्यात पिट्सबर्गला २८-०. लागोपाठ दोन संघांना शून्यावर रोखलं! इथेच थांबला असता तर चित्रपट झाला असता. पण पुढच्याच आठवड्यात व्हर्जिनिया विद्यापीठाने, आपल्या जुन्या प्रतिस्पर्ध्याने, १६ वर्षांनी आपल्याला हरवलं, आणि ३१ डिसेंबरला केंटकीने अगदी शेवटच्या सेकंदांत टचडाउन करून ३७-३० ने सामना नेला. मला फार वाईट वाटलं. पण एवढ्या वर्षांचा हिशोब त्या शेवटच्या मिनिटावर कोणी मांडत नाही, हेही तेव्हाच दिसलं.

गेल्या वर्षी आमच्या कंपनीत विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली. मला विचारलं. बैठका, निविदा, मंत्रालयाच्या खेपा असं ते काम. तुमचं उदाहरण डोळ्यासमोर नसतं, तर लोक काय म्हणतील या धाकाने मी हो म्हटलं असतं. मी नको म्हणालो आणि वर तपासणीसाठी दोन ज्युनियर इंजिनियर मागितले. एकच मिळाली, पण पोरगी तयारीची आहे. परवा तिने माझ्याच गणितातली बेअरिंगच्या भाराची चूक अडवली. त्याबद्दल, आणि १ सप्टेंबरच्या त्या दुपारबद्दल, तुमचे मनापासून आभार.

आपला,
व्हर्जिनिया टेकचा एक माजी विद्यार्थी, पुणे