तिकिटावर शिक्का मारा, रेघोट्या नकोत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

डेन्मार्कमध्ये पोस्टनॉर्ड या टपाल कंपनीने २०२५च्या अखेरीस पत्रं वाटणं थांबवलं, रस्त्यांवरच्या लाल पेट्याही काढून नेल्या. बातमी वाचून आमच्या घरात सुतक पडल्यासारखं झालं. माझ्या डब्यात डेन्मार्कहून आलेली तीन कार्डं आहेत. चौथं कधी येईल, देव जाणे. आपल्याकडे पोस्टमन अजून दारात येतो, म्हणून त्याच्या खात्याकडे एक गाऱ्हाणं.

निवृत्तीनंतर मी ‘पोस्टक्रॉसिंग’च्या नादी लागलो. पाउलो मागाल्याइंश या पोर्तुगीज तरुणाने १४ जुलै २००५ रोजी सुरू केलेला हा उद्योग. जगातल्या कुणा अनोळखी माणसाचा पत्ता मिळतो आणि कार्डावर लिहायला एक क्रमांक. कार्ड पोचलं की तो माणूस क्रमांक नोंदवतो, मग आपला पत्ता तिसऱ्याच कुणाकडे जातो. ज्याला पाठवलं त्याच्याकडून उत्तराची अपेक्षा नाही. पेटीत कुठलं कार्ड पडेल याचा नेम नाही. क्रमांक मी दोन ठिकाणी लिहितो, कारण एकावर टपालखात्याची बारकोडची पट्टी हमखास बसते.

तिकिटांची गंमत आणखी वेगळी. ‘हेल्वेशिया’ हा देश नातीला नकाशात सापडेना, तो स्वित्झर्लंड. ‘मग्यार’ दिसलं की हंगेरी. ब्रिटनच्या तिकिटावर देशाचं नावच नसतं, कोपऱ्यात राजाचं मुंडकं तेवढं. १८४०मध्ये जगातलं पहिलं तिकीट त्यांनी काढलं, तो तोरा अजून उतरलेला नाही!

आपणही काही कमी नाही. आशियातलं पहिलं तिकीट १८५२चं, ‘सिंध डाक’, आणि सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. १९५८मध्ये महर्षी कर्वे शंभरीचे झाले, तेव्हा ते हयात असतानाच त्यांच्यावर तिकीट निघालं. स्वतंत्र भारतात हयात भारतीयाचा असा मान तो पहिलाच.

आता मुद्दा. गेल्या पावसाळ्यात फिनलंडच्या एका बाईंना कार्ड धाडलं. तीन वेगवेगळी तिकिटं पट्टीने मापून एका ओळीत चिकटवली होती. कार्ड मिळाल्यावर बाईंनी फोटो पाठवला. तिन्ही तिकिटांवरून निळ्या बॉलपेनची एक सरळ रेघ, वर दोन फुल्या. बाईंनी कार्डाचं कौतुक केलं, तिकिटांबद्दल अवाक्षर नाही. तेच जास्त लागलं.

तिकीट पुन्हा वापरलं जाऊ नये म्हणून ते रद्द करायलाच हवं. त्यासाठीच तर शिक्का आहे. गावाचं नाव आणि तारीख नीट वाचता येईल असा गोल शिक्का संग्राहकाला तिकिटाइतकाच प्यारा असतो. पेनाने खरडलेलं तिकीट कोमट पाण्यात सोडवून, वर्तमानपत्रावर वाळवून वहीत लावलं तरी ती रेघ काही जात नाही. शिवाय खिडकीवर पुष्कळदा तिकिटंच नसतात. “छापील पट्टी लावून देतो, चालेल?” चालतं, पत्र पोचतंही. पण ती पट्टी कोण जपून ठेवणार?

माझं मागणं मोठं नाही. प्रत्येक मुख्य टपाल कचेरीत लहान किमतीची तिकिटं असावीत आणि परदेशी जाणाऱ्या कार्डांवर शिक्का हाताने, शाई बघून मारावा. हे जमण्यासारखं आहे. आमच्याच गावात खिडकीवर बसणारी एक तरुण मुलगी शिक्का आधी रद्दी कागदावर उठवून बघते, मग तिकिटाचा कोपरा तेवढा पकडते. चेहरा मोकळा राहतो. तिची पाळी कधी असते ते मी विचारून ठेवलं आहे. उद्या एस्टोनियाचं कार्ड घेऊन तिच्याच खिडकीशी जाणार आहे. मागे रांगेत उभं राहणाऱ्यांनी दोन मिनिटं सांभाळून घ्यावं.

आपला,
एक टपालवेडा वाचक, सातारा