चिक्कीच्या पाकिटावरची खार

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. शेंगदाणा चिक्कीच्या पाकिटासाठी काढलेली खार तुला आवडली, पण तिला फेटा, लांब मिशा आणि हातात तुतारी हवी, असे तू लिहितोस. फोनवर बोललो असतो तर वाद झाला असता, म्हणून सविस्तर लिहितो.

इंटरनेटवर तयार मिळणारी खार बहुधा परदेशी असते. झुबकेदार शेपटी पाठीवर वळवून ओकचे फळ कुरतडणारी. आपल्या अंगणातली खार सडपातळ, आणि तिच्या पाठीवर फिकट पट्टे. रामाने पाठीवरून बोटे फिरवल्याची गोष्ट ऐकत वाढलेले गिऱ्हाईक तिला त्या पट्ट्यांवरूनच ओळखते, म्हणून पट्टे राहणारच. फेटा मात्र कान झाकतो, आणि छोट्या पाकिटावर, जिथे तिची उंची जेमतेम दोन सेंटिमीटर असेल, तिथे कान नसलेली खार मुंगसासारखी दिसू लागते. मिशांच्या बारीक रेषा त्या आकारात छपाईत तुटतात. तुतारी तर आता एका पक्षाचे निवडणूक चिन्ह आहे. चिक्कीला राजकारण चिकटायला नको.

पेन्सिलीचे रेखाटन स्कॅन करून मी इंकस्केप या चित्रे काढण्याच्या संगणक प्रणालीत त्यावरून रेषा ओढल्या. सर्वाधिक वेळ शेपटीने खाल्ला. तिच्या कडेवर मोजकेच नोड, म्हणजे रेषा बांधणारे बिंदू, ठेवले आहेत, तेही वळणाच्या टोकांवर, आणि त्यांची हँडल, म्हणजे ओढून वळण ठरवायच्या दांड्या, शक्यतो आडवी किंवा उभी. नोड वाढले की वळण खडबडीत होते. गंमत अशी, की नोड आणि हँडलांनी आखायची ही वक्ररेषा रेनो कंपनीतले अभियंते पिएर बेझिए यांनी १९६०च्या दशकात मोटारीच्या बाह्यांगाचे आकार आखण्यासाठी रूढ केली, आणि आज तिच्यावर आपल्या खारीची शेपटी उभी आहे.

रंग तीनच ठेवले आहेत, त्याचे कारण तुझा खिसा. ग्रॅव्ह्युअर छपाईत, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरने होणाऱ्या छपाईत, प्रत्येक रंगासाठी वेगळा सिलिंडर कोरावा लागतो, शिवाय पारदर्शक फिल्म घेतलीस तर खाली पांढऱ्या शाईचा थर लागेल तो निराळाच. छटांऐवजी पोटाखाली गडद रंगाचा एक सपाट तुकडा दिला आहे. छापताना रंग किंचित सरकले, तर मध्ये पांढरी फट दिसू नये म्हणून ते जाड बाह्यरेषेच्या खालपर्यंत नेले आहेत. पडद्यावरच्या केशरी रंगावर विसंबू नकोस. छापखान्यात शेड कार्ड, म्हणजे रंगछटांचे छापील नमुने, पाहूनच तो ठरव. शाकाहाराचा हिरवा ठिपका शेपटीखाली झाकला जाणार नाही, हेही तिथे सांग.

फेट्याचा हट्टच असेल, तर दिवाळीच्या मोठ्या डब्यासाठी तो वेगळ्या लेयरवर काढून देईन, मात्र कान बाहेर ठेवून. फाइल पाठवण्यापूर्वी सगळ्या रेषांचे आकारांत रूपांतर करीन, म्हणजे चित्र लहान-मोठे करताना त्यांची जाडी बिघडणार नाही. पाकिटाचे नेमके माप तेवढे लवकर कळव.

तुझा,
मिलिंद