सीएसएमटीच्या सकाळपाळीच्या ताईंना

ताई, नमस्कार.

रविवारी सकाळी लोकलच्या तिकीट हॉलमध्ये तुम्ही एका वयस्कर गृहस्थांना स्वतःहून खुर्ची आणून दिलीत. ते माझे वडील, अण्णा. त्यांची सगळी नोकरी भुसावळच्या इंजिन शेडमध्ये गेली. मध्य रेल्वेचं हे मुख्यालय एकदा सावकाश, गाडी पकडायची घाई नसताना बघायचं, हे त्यांच्या मनात कधीपासून होतं. गाइड नको म्हणाले, म्हणून मी कागदावर टिपणं काढली आणि त्यावरूनच आम्ही फिरत होतो.

बाहेरचा भाग मनासारखा बघून झाला होता. फाटकाच्या एका खांबावर ब्रिटनचा सिंह, दुसऱ्यावर भारताचा वाघ. घुमटाच्या टोकावर हातात मशाल आणि चाक घेतलेली ‘प्रगती’. घड्याळाखालचा कोनाडा रिकामा आहे, तिथे पूर्वी व्हिक्टोरिया राणीचा पुतळा होता. नाना शंकरशेटांचा चेहरा दगडात कोरलेला दिसला तेव्हा अण्णांनी चपला काढून हात जोडले. मुंबईत रेल्वे यावी म्हणून नाना किती झटले, हे आम्ही लहानपणापासून त्यांच्याच तोंडून ऐकत आलोय.

हॉलमध्ये आलो तोवर अण्णांचे गुडघे बोलायला लागले होते. मीही कागदातच डोकं घालून बसलो होतो. वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स, काम सुरू १८७८, पूर्ण १८८८, जागतिक वारसा २००४, असं वाचून दाखवत होतो. तुम्ही पोछा बाजूला ठेवलात आणि म्हणालात, “बाबा, बसा आधी. दादा, तुम्ही इकडे मागे सरका, मग वर बघा.”

मागे सरकल्यावर छत दिसलं. निळं, सोनेरी, ताऱ्यांनी भरलेलं. या हॉलला स्टार चेंबर का म्हणतात ते माझ्या कागदावर होतं, पण कुठे उभं राहून बघायचं ते नव्हतं. मग तुम्ही आम्हाला कमानीजवळ नेलंत आणि पोछ्याच्या दांड्याने दाखवलंत: “त्या पानाआड बघा, माकड.” अण्णांना दिसेना. तुम्ही दांडा तसाच धरून ठेवलात, रांगेतली माणसं वळून बघायला लागली तरी खाली घेतला नाहीत. दिसल्यावर अण्णा मोठ्याने हसले. अशी कितीतरी नक्षी जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातची आहे, हे मी वाचलेलं होतं. रोज इथे राबणाऱ्या माणसाने ती आपली म्हणून दाखवली तेव्हा तिची खरी गोडी कळली.

त्यानंतर अण्णांची कळी खुलली. १६ एप्रिल १८५३ ला इथल्याच बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, चौदा डबे, चारशे माणसं आणि ओढायला साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं, हे सगळं त्यांनी तुम्हाला सांगितलं. तुमची पाळी संपत आली होती, घरी जायची ओढ असणारच. तरी तुम्ही ऐकलंत. वर “तीन इंजिनं कशाला लागली?” असंही विचारलंत. निवृत्तीनंतर इंजिनाबद्दल त्यांना असं आपुलकीने कुणी विचारलं नव्हतं. घरी आम्ही तर ऐकलेलंच आहे म्हणून उठून जातो.

परतीच्या गाडीत कल्याण येईपर्यंत अण्णा तुमच्याबद्दलच बोलत होते. आमच्या शेडमध्येही सफाईवाल्यांना प्रत्येक इंजिनाची खोड ठाऊक असायची, म्हणाले.

ताई, खुर्चीसाठी, माकडासाठी आणि त्या प्रश्नासाठी मनापासून आभार. आतलं वारसा संग्रहालय आणि घुमटाखालचा जिना बघायचा राहिलाय, त्यासाठी अण्णांना घेऊन पुन्हा येणार आहे. सकाळीच येऊ, म्हणजे तुमची गाठ पडेल. तीन इंजिनांचं उत्तर अर्धवट राहिलं, ते पुरं करायचंय असं अण्णांनी आत्ताच बजावलंय.

आपला,
अण्णांचा मुलगा, भुसावळ