बेळगावच्या कॉम्प्युटरवाल्या अण्णांना, मनापासून

अण्णा, नमस्कार.

त्या दिवशी खानापूरची बस गाठायच्या गडबडीत नुसतं थँक्यू म्हणून पळालो, पण तेवढ्यावर भागवणं मनाला पटेना म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

ऐन लग्नसराईत व्हिडिओ एडिटिंगची कामं अंगावर, गिऱ्हाइकांचे फोनवर फोन, आणि एक्सपोर्ट (तयार व्हिडिओची फाइल काढणं) लावला की निळी स्क्रीन येऊन पीसी बंद. जुन्या रॅमच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेमरीच्या, जोडीला ज्या दुकानातनं ८ जीबीची दुसरी घेतली तिथं गेलो की एकच पालुपद, डीडीआर४ (रॅमचा प्रकार) ला डीडीआर४ चालतंयच, तुमचा मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य बोर्ड, गेलाय, नवीन घ्या. कॅबिनेट उघडून बघायची तसदी नाही, बोर्ड गेलाय हे कशावरनं म्हटलं तर उत्तर नाही, वर नव्या बोर्डाचा रेट पुढे. अजून आठवलं की डोकं तापतंय.

मग तुमच्याकडं आलो. तुम्ही रॅमच्या दोन्ही स्टिक (पट्ट्या) उजेडात धरून लेबलं वाचली. दोन्हीवर स्पीड ३२०० च, पण जुनी सीएल १६ (सीएल म्हणजे उत्तर द्यायला लागणारा उशीर, आकडा कमी तेवढं टायमिंग कडक), १.३५ व्होल्टवाली आणि नवी सीएल २२, १.२ व्होल्टवाली. एक्सएमपी (रॅम लेबलवरच्या पूर्ण स्पीडनं चालवायचं सेटिंग) चालू केलं की बोर्ड जुनीचं टायमिंग नवीवर पण लादतंय, तिला ते झेपत नाही. इतकं साधं होतं ओ, आणि कुणी सांगितलं नव्हतं!

पण खरं सांगू, मी विसरणार नाही ते पुढचं. बोर्ड चांगला आहे ह्याची खात्री करायला रॅमची चांगली चालणारी जोडी पाहिजे होती, तर तुम्ही चक्क दुकानाचा बिलिंगचा कॉम्प्युटर बंद केला, त्यातल्या दोन्ही रॅम काढून माझ्या बोर्डात प्रोसेसरकडनं दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटात बसवल्या आणि मेमटेस्ट (मेमरी तपासायचा प्रोग्राम) लावला. काउंटरवर माणसं उभी, तुम्ही कार्बन घालून हातानं पावत्या फाडताय, कुणी कुरकुरलं की कन्नडमधनं "स्वल्प तडीरी" (जरा थांबा) म्हणताय, आणि मधनंच माझ्या स्क्रीनवर नजर. एरर एकपण नाही. बोर्ड ठणठणीत.

ओळख ना पाळख, मला बोर्ड खपवणं तुम्हाला किती सोपं होतं. उलट तुम्ही पावतीच्या मागं बोर्डाचं मॉडेल लिहून दिलं, कंपनीच्या साइटवरची मेमरी लिस्ट (ह्या बोर्डाला कुठल्या रॅम चालतात ती यादी) बघा, एकाच बॉक्समधली ८-८ जीबीची जोडी घ्या, कुठनं पण घ्या म्हणालात. धंदा असा पण करता येतोय, आणि करणारी माणसं आपल्या गावात हायत, ह्याचं फार बरं वाटलं बगा.

जोडी अर्थातच तुमच्याकडनंच नेली. एक्सएमपी चालू ठेवून रात्रभर एक्सपोर्ट चालतोय, राहिलेले सगळे व्हिडिओ देऊन झाले.

आणि ती जुनी सीएल १६ वाली स्टिक चांगली आहे, पुढच्या खेपेला घेऊन येतो. टेस्टिंगला दुकानातच ठेवा, पैशाचं नाव काढू नका.

तुमचा,
खानापूरचा एडिटिंगवाला