गाडी नीट बघूनच घेतली आहे

सिडको, नाशिक

ती. आई-बाबांस,
सा. न.

फोनवर सांगायला गेले की बाबा "बरं, बघू" म्हणून विषय मिटवतात, म्हणून लिहिते आहे. परवा पिकअपचा इसार देऊन आले. आधी विचारायला हवं होतं, कळतं मला. पण तुम्ही नकोच म्हणाला असतात आणि पुन्हा भाड्याच्या गाडीत मागे क्रेटवर बसून पहाटे पिंपळगावच्या मार्केटला गेला असतात. मार्गशीर्षातल्या निफाडच्या थंडीत कंबर धरली, तेही मला आठ दिवसांनी मावशीकडून कळलं. ते मनातून जातच नाही.

गाडी 2014ची, जुनी आहे. पण बाबा घोटीच्या बाजारात बैल बघायचे, तशी बघितली. आधीची एक सोडली. रंग नवाकोरा, खाली वाकून बॅटरी मारली तर स्प्रिंगच्या पाट्यांजवळ चासीला, म्हणजे खालच्या सांगाड्यालाच, वेल्डिंग. हिच्या मालकांना आदल्या रात्रीच सांगितलं होतं, मी येईपर्यंत सुरू करू नका. सकाळी बॉनेटला हात लावला, गार होतं. एका सेल्फमध्ये उठली. निळा धूर नाही, म्हणजे ऑइल जळत नाही. चालू गाडीत ऑइलचं झाकण काढून वर तळहात धरला, वाफेचे फटके नव्हते, म्हणजे इंजिन आतून झिजलेलं नाही. हौद्याच्या कोपऱ्यात गंज आहे आणि क्लचप्लेट बदलावी लागेल, तेवढे पैसे भावातून कमी करून घेतले. रिकामी गाडी कुणालाही चांगलीच वाटते, म्हणून त्यांच्या 40 क्रेट टोमॅटोसकट, म्हणजे 800 किलो माल घेऊन, राहूड घाट चढून पाहिला. इंजिन तापल्याचा काटा मध्याच्या वर गेला नाही.

कागदांचीही काळजी नको. चासी नंबर आरसीशी जुळवला, कर्जाचा बोजा उतरलेला आहे, चलन बाकी नाही. आठ वर्षांनंतर फिटनेस दरवर्षी करावं लागतं, ते मी बघेन. उरलेले पैसे गाडी नावावर करायच्या 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर सह्या झाल्यावरच देणार.

बाबा, तुमच्या बाजूची काच चार वेळा खालीवर करून पाहिली, पूर्ण बंद होते. पायरी उंच आहे, धरायला दांडा बसवून घेते. सीटचा फोमही नवा टाकायला सांगितलाय. आई, तुला वणीला जायचंय ना, तुझ्या गुडघ्यालाही तो दांडा उपयोगी पडेल.

तुम्हाला जमत नाही असं मी म्हणत नाहीये. लिलावात तुम्हीच उभं राहायचं, भावातलं आम्हाला काय कळतं? रोजचा माल काकांचा थोरला नेईल, सुट्टीच्या दिवशी मी. लहानपणी ट्रॅक्टरवर मला मांडीत घेऊन स्टेअरिंग हातात द्यायचात आणि खालून एक बोट लावून धरायचात. मला वाटायचं, मीच चालवतेय. ते बोट मला फार उशिरा दिसलं, बाबा.

आता ऐका. कमरेचा पट्टा रोज बांधायचा, फक्त डॉक्टरकडे जाताना नाही. गोळी उपाशीपोटी घ्यायची नाही. आई, त्यांनी लपवलं तरी तू लपवू नकोस, लगेच फोन कर. गोठ्याशेजारी पत्र्याखाली गाडीला जागा लागेल, पण तिथली पोती तुम्ही दोघांनी उचलायची नाहीत. रविवारी मी येते, मी हलवेन. नारळ आणि हार इथूनच आणते.

तुमची,
ताई