मॅडम, तुम्ही थांबलात त्याबद्दल

आदरणीय डॉक्टर मॅडम,
स. न. वि. वि.

नौपाड्यातल्या त्या छोट्या हॉलमध्ये तुम्ही आख्खी रविवार दुपार दिलीत. फी नाही, शाल-श्रीफळ नाही, चहासुद्धा गार झाल्यावर घेतलात. कळवा, ऐरोली, कोपरखैरण्याहून आलेली मोटर न्यूरॉन आजाराची (एमएनडी, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी हळूहळू मरत जातात तो आजार) कुटुंबं आणि त्यांच्या घरी जाऊन व्यायाम करून घेणारे आम्ही फिजिओथेरपिस्ट, सगळ्यांच्या वतीने हे पत्र.

यातल्या बहुतेकांना एएलएसच्या, म्हणजे या आजाराच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकाराच्या, निदानासोबत एकच वाक्य मिळालं होतं, "तीन ते पाच वर्षं." काहींना तर कॉरिडॉरमध्ये, पुढच्या पेशंटचं नाव पुकारता पुकारता. सरासरी म्हणून आकडा खोटा नाही. पण साधारण दहातला एक जण दहा वर्षांच्या पुढे जातो आणि काहींना वर्षभरातच श्वासाचं मशीन लागतं. अशा आजारात नुसती सरासरी सांगून हात झटकायला डिग्री कशाला लागते?

तुम्ही मात्र प्रत्येकाचा वेग वेगळा काढलात. बारा प्रश्नांचा, 48 गुणांचा तो तक्ता आम्हीही भरत होतो: बोलणं, गिळणं, हस्ताक्षर, जिना, श्वास, प्रत्येकाला 0 ते 4, 4 म्हणजे पूर्ण ठीक. त्याचा भागाकार कोणी करत नव्हतं. 48 मधून आजचे गुण वजा करायचे आणि पहिल्या लक्षणापासूनच्या महिन्यांनी भागायचं. उत्तर अर्ध्याच्या खाली आलं तर चाल संथ, एकच्या वर गेलं तर वेगवान. दोघांचे गुण आज 40 असतील, पण एकाचे आठ गुण आठ महिन्यांत गेले आणि दुसऱ्याचे बत्तीस महिन्यांत, तर एकाचा वेग 1 आणि दुसऱ्याचा पाव. दोघांचं नियोजन एकच कसं असेल?

हा हिशोब बिघडतो तो तारखेपाशी. घरचे निदानाची तारीख सांगतात, आणि निदानाला बऱ्याचदा वर्ष लागलेलं असतं.

मागच्या रांगेतल्या काकांचं तसंच होत होतं. काकू फाइल उघडून रिपोर्टची तारीख वाचायला लागल्या. तुम्ही हळूच हात वर केलात, खुर्ची काकांसमोर ओढलीत आणि विचारलंत, "पहिल्यांदा जीभ कधी अडखळली? गणपतीत, दिवाळीत?" त्यांचं बोलणं जड, शब्द घशातून ओढून काढावा लागतो. हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली, कोणीतरी घड्याळ पाहिलं. तुम्ही वाक्य पूर्ण करून दिलं नाहीत, मानही हलवली नाहीत, नुसत्या बघत राहिलात. शेवटी ते म्हणाले, "संक्रांत. तिळगूळ म्हणताना ळ येईना." म्हणजे रिपोर्टच्या बारा महिने आधीची संक्रांत. गुण 36. रिपोर्टपासून मोजलं असतं तर 12 भागिले 8, म्हणजे दीड. खऱ्या तारखेने 12 भागिले 20, म्हणजे 0.6. बोलण्यापासून सुरू झालेला आजार सरासरीने लवकर पुढे सरकतो, हेही तुम्ही लपवलं नाहीत. एका आकड्यावर विसंबू नका, चाल सरळ रेषेत नसते, दर तीन महिन्यांनी पुन्हा मोजा, असं बजावलंत. पण त्या दिवशी काका स्वतःच्या आजाराबद्दल स्वतः बोलले. माणसाचं बोलणं त्याच्याच तोंडून ऐकून घ्यायला मशीन लागत नाही, निधी लागत नाही, तरी इतकं दुर्मीळ का असावं, कोण जाणे.

चाल वेगळी का, हेही तुम्ही शाळेतल्या बाईंसारखं फोड करून सांगितलंत. 1993 मध्ये सापडलेल्या एसओडी-1 जनुकात चौथ्या जागी बिघाड असेल तर आयुष्य अनेकदा वर्षभराचंच. नव्वदाव्या जागचा ठरावीक बिघाड आई-वडील दोघांकडून आला तर आजार पायांपासून सुरू होऊन दहा वर्षांहूनही जास्त रेंगाळतो. जनुक तेच! यूएनसी-13-ए जनुकाचा एक प्रकार आजार सुरू झाल्यावर आयुष्य कमी करतो. रक्तातलं न्यूरोफिलामेंट, म्हणजे चेतातंतू मोडले की बाहेर पडणारं प्रथिन, जितकं जास्त, तितकी चेतातंतूंची पडझड वेगात चाललेली. डोळे हलवणाऱ्या पेशी मात्र बहुधा शेवटपर्यंत तग धरतात, त्या का टिकतात यावर संशोधन चालू आहे.

आणि कोपरखैरण्याचा तो विशीतला मुलगा. एका हाताचा पंजा वाळलेला, फाइलवर थेट ‘एमएनडी’. तुम्ही हिरायामा आजाराची शंका काढलीत: तरुण मुलग्यांत होतो, काही वर्षं वाढतो आणि बहुधा थांबतो. सरळ मानेने काढलेल्या एमआरआयमध्ये तो निसटू शकतो, मान पुढे वाकवून काढावा लागतो. हे आधीच्या तीन ठिकाणी कोणाला सुचलं नाही. सकाळी डोकं जड होतं म्हणून एका आजींना नुसता ऑक्सिजन लावून घरी पाठवणारेही याच शहरात आहेत. छातीचे स्नायू दमल्यामुळे कार्बन डायऑक्साइड साठतोय, तिथे बायपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणारं मशीन, हवं. नुसत्या ऑक्सिजनने तो आणखी वाढू शकतो, हे त्या घराला तुमच्याकडून कळलं.

तक्त्यावर आम्ही आता ‘पहिलं लक्षण: कोणता सण?’ असा रकाना वर जोडला आहे. मुलाचा मान वाकवून एमआरआय पुढच्या आठवड्यात आहे, फिल्म दवाखान्यात आणून देतो.

आपले नम्र,
घरोघरी जाणारे ठाण्यातले फिजिओथेरपिस्ट