एका ग्राहकाचे खाते दुसऱ्याला दाखवणाऱ्या कॅशेबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, तांत्रिक साहाय्य विभाग

विषय : लॉगिन केलेल्या ग्राहकांची पाने सामायिक कॅशेत साठवल्याबाबत

महोदय,

आमचे पुस्तकविक्रीचे संकेतस्थळ वर्डप्रेस (संकेतस्थळ चालवणारी प्रणाली) आणि वूकॉमर्स (तिला जोडलेली ऑनलाइन दुकानाची सोय) यांवर चालते व ते आपल्या सर्व्हरवर आहे. आपण आम्हाला न कळवता त्यावर संपूर्ण पान साठवून तीच प्रत पुढच्या अभ्यागतांना देणारी कॅशे सुरू केली, आणि त्यानंतर लॉगिनही न केलेल्या एका वाचकाला ‘माझे खाते’ या पानावर दुसऱ्याच ग्राहकाचे नाव, घरचा पत्ता आणि मागवलेल्या पुस्तकांची यादी दिसली. स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे.

यावर आपल्याकडून ‘ब्राउझरची कॅशे साफ करा’ असे उत्तर आले. ज्याने आमचे संकेतस्थळ पहिल्यांदाच उघडले, त्याच्या ब्राउझरमध्ये परक्याचा पत्ता आला कुठून, याचा विचार उत्तर देणाऱ्याने केलेला दिसत नाही. त्या पानासोबत आलेल्या तांत्रिक माहितीत (हेडरमध्ये) ‘एज’ (Age, म्हणजे साठवलेल्या प्रतीचे वय) ही नोंद आहे, म्हणजे ते आपल्याच साठ्यातून दिले गेले. लॉगिन केलेल्या व्यक्तीचे पान पाठवताना वर्डप्रेस ‘कॅशे-कंट्रोल’ या हेडरमध्ये ‘नो-स्टोअर’ (साठवू नका) आणि ‘प्रायव्हेट’ (खासगी) असे स्पष्ट कळवते. असे पान सामायिक कॅशेने साठवायचे नाही, हे आरएफसी 9111 या वेबवरील कॅशेच्या मानकात नमूद असताना आपल्या यंत्रणेने ती सूचना डावलून सरसकट सगळी पाने साठवली.

हा धोका नवा नाही. 25 डिसेंबर 2015 रोजी स्टीम या व्हिडिओ गेमच्या ऑनलाइन दुकानावर सायबर हल्ला सुरू असताना घाईने लावलेल्या कॅशेच्या चुकीच्या मांडणीमुळे सुमारे 34,000 जणांची खासगी माहिती असलेली पाने इतरांना दिसली असण्याची शक्यता त्या कंपनीनेच जाहीर केली होती.

तक्रारीनंतर आपण कॅशे पूर्णपणे बंद केली, त्यामुळे आता मुखपृष्ठही रखडत उघडते. आमचा कॅशेला विरोध नाही. लॉगिन न केलेल्यांना साठवलेली प्रत जरूर द्यावी. मात्र ज्याच्याकडे लॉगिनची कुकी (ब्राउझरमध्ये ठेवलेली ओळखीची छोटी नोंद) आहे किंवा ज्याच्या टोपलीत पुस्तक आहे (तो लॉगिन न करताही खरेदी करत असू शकतो), त्याची विनंती थेट वर्डप्रेसकडे जावी आणि तिचे उत्तर साठवले जाऊ नये. नुसते ‘व्हेरी : कुकी’ (कुकीनुसार वेगळी प्रत साठवण्याची सूचना) लावून हात झटकू नयेत, कारण अभ्यागत मोजणाऱ्या कुकीमुळे प्रत्येकाची प्रत वेगळी साठेल आणि कॅशे असून नसल्यासारखी होईल.

कोणत्या ग्राहकांची कोणती पाने किती काळ साठ्यात होती आणि ती किती वेळा इतरांना दिली गेली, याचा लॉगवरून काढलेला लेखी तपशील सात दिवसांत द्यावा. त्या ग्राहकांना आम्हाला कळवायचे आहे. वरील बदल चाचणीच्या प्रतीवर दाखवून आमची लेखी संमती मिळेपर्यंत कॅशे पुन्हा सुरू करू नये.

आपला,
एक ग्राहक